कमरेएवढं पाणी

जमिनीखाली पुरुषभर खोल गाडलेल्या नळातून थेंबभर पाणी गळत असलं तर ते आमच्या साडूंना वरून ऐकू येतं, आणि हातभर अंतरावर बसलेला माणूस घसा फोडून काही सांगत असला तर ते त्यांना ऐकू येत नाही. असा दुसरा माणूस महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. कोणाला सापडलाच तर त्याने तो स्वतःकडे ठेवून घ्यावा, मला कळवू नये. मला एक पुरे झाला आहे.

लग्न ठरवताना माणूस सासरा तिरसट आहे का, मेव्हणा नादी आहे का, सासूचा आवाज किती घरं ओलांडतो, याची चौकशी करतो. मुलीच्या थोरल्या बहिणीला जिथे दिलंय तो माणूस कसा आहे, हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला सगळे अक्का म्हणतात. बोलणं हळू, हसणं त्याहून हळू, आणि सहनशक्ती एवढी की धरणीमातेने येऊन धडे घ्यावेत. हे साडू म्हणजे त्यांचे यजमान. वाडीतले लोक त्यांना दादा म्हणतात म्हणून मीही दादाच म्हणतो. मनात काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दादांची उभी हयात मुंबईत पालिकेच्या पाणी खात्यात गेली. काम एकच, जमिनीखालच्या नळाची गळती शोधायची. त्यासाठी त्यांच्याकडे एक लोखंडी दांडी असते. तिचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाच्या वाटीला कान लावायचा, आणि डोळे मिटून ऐकायचं. पाणी कुठे फुटलंय ते त्या दांडीतून कानात येतं म्हणतात. येत असेलही. निवृत्त होताना लोक शालश्रीफळ घेऊन घरी येतात, हे दांडी घेऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या आपल्या वाडीत आले. तेव्हापासून ती त्यांच्या हातात आहे. जेवताना ती पाटाशेजारी असते. दुसऱ्या कोणी तिला हात लावलेला त्यांना खपत नाही. एकदा माझ्या बायकोने केर काढताना ती नुसती बाजूला सरकवली, तर "कान आहे तो माझा, सरकवता काय?" म्हणून दादा जेवण अर्धं टाकून उठले होते.

कोणाच्याही घरी गेले की राम राम करायच्या आधी ते मोरीत जातात. तिथल्या सगळ्या चाव्या अशा काही आवळतात की ते गेल्यावर घरातल्या माणसांना हातपाय धुवायची पंचाईत होते. आमच्या महाडच्या घरी मोरीत साबणाशेजारी एक पाना कायमचा ठेवलेला आहे, तो दादांच्या भेटीनंतर नळ उघडण्यासाठी. माझ्या चुलत पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हा गृहस्थ कार्यालयाच्या भिंतीला दांडी लावून उभा. शेवटचं "सावधान" झालं, ताशा वाजायला लागला, तर हे हात वर करून सगळ्यांना गप्प करतायत. वाजंत्री थांबली. वरमाईला वाटलं कोणी तरी चक्कर येऊन पडलं. दादांनी जाहीर केलं, "या भिंतीत पाणी मुरतंय." पुतणीच्या सासरची माणसं अजून मला तो प्रसंग विचारतात. मागे मला खोकल्याने फार हैराण केलं होतं, तेव्हा भेटायला आले ते दांडीचं टोक माझ्या पाठीला लावून, बराच वेळ ऐकून, बायकोला म्हणाले, "वायसर गेलाय. बदलून घ्या." आणि चहा पिऊन निघून गेले.

या माणसाला माणसाचं बोलणं मात्र ऐकू येत नाही. कान शाबूत आहेत, पण बोलणं त्यांच्या मते वरच्या वरचा आवाज आहे आणि खरा आवाज खालून येतो. अक्कांनी विचारावं, "भाजीत मीठ जास्त झालंय का?" यांनी सांगावं, "आज टाकीला जोर नाही." असा त्यांचा संसार वर्षानुवर्षं चालला आहे आणि अक्कांनी त्याबद्दल कधी तक्रार केलेली मी ऐकलेली नाही. माझी बायको त्यांच्या वाटणीची तक्रार माझ्याकडे करते.

गावी आल्यावर अक्कांचे गुडघे गेले. त्यांची वाडी आहे डोंगराच्या उतारावर. घरातून निघून कुठेही जायचं तर चढायचं नाही तर उतरायचं. उताराच्या तळाला खालची वाडी आहे. तिथे सोनाबाई म्हणून अक्कांची मैत्रीण राहते. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या. अक्का मुंबईला गेल्या आणि सोनाबाई इथेच राहिली, पण गणपती आणि शिमग्याला भेट ठरलेली. मुंबई सुटल्यावर अक्कांनी एवढंच मनाशी धरलं होतं की आता रोज खाली जायचं, सोनाबाईच्या पडवीत बसायचं. ती वाट तर यांच्या अंगणातून दिसते. पण एका पावसाळ्यात गुडघे असे धरले की ती दगडी पायऱ्यांची पाखाडी उतरणं बंद झालं. मग भेट व्हायची ती फक्त उन्हाळ्यात. चैत्र लागला की खालच्या वाडीची विहीर आटायची आणि तिथल्या बाया हंडे घेऊन वर दादांच्या बोअरच्या नळावर यायच्या. सोनाबाई आपला हंडा रांगेत लावून अक्कांजवळ ओटीवर बसायची. दादा नळाशी उभे राहून प्रत्येकीला चावी कशी बंद करायची यावर प्रवचन द्यायचे. बाया पदराआड हसायच्या. अक्का मात्र वर्षभर त्या टंचाईची वाट बघायच्या, हे त्यांनी स्वतः माझ्या बायकोला सांगितलं आहे.

शेवटी मीच अक्कांना महाडला डॉक्टरकडे नेलं. दादाही आले, म्हणजे त्यांची दांडी आली आणि मागोमाग ते. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनची घाई नको. कमरेएवढ्या पाण्यात रोज चालायचं. पाण्यात अंगाचं वजन कळत नाही, गुडघ्याला बळ येतं." मी दादांकडे पाहिलं. ते डॉक्टरांच्या हात धुवायच्या भांड्याकडे टक लावून बसले होते. त्याचा नळ ठिबकत होता. डॉक्टर बोलत राहिले आणि हे उठून तो नळ आवळायला गेले. बायको उभ्याने कळवळतेय आणि या माणसाचा जीव नळात, असं म्हणून रात्री मी माझ्या बायकोपुढे त्यांचा मनसोक्त उद्धार केला. तिनेही भर घातली.

पुढच्याच पंधरवड्यात त्यांच्या परसात जेसीबी उभा होता.

पोलादपूरच्या त्या उतारावर, आंब्याफणसाच्या मधोमध, दादांनी स्विमिंग पूल बांधायला काढला. लोकांनी वेड्यात काढलं. वाडीतली माणसं त्याला हौद म्हणत आणि दादा प्रत्येकाला थांबवून सुधारत. सगळी आखणी त्यांची. अक्कांना उतरायला ठेंगण्या पायऱ्या, धरायला दोन्ही बाजूंनी कठडा, पाय घसरू नये म्हणून तळाला खरबरीत लादी. डॉक्टरांचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं तर. फक्त "पाण्यात चालायचं" एवढं ऐकलं होतं, त्याच्या आधीचा "कमरेएवढ्या" हा शब्द नळ आवळताना निसटला होता.

खोदताना एका कोपऱ्यात कातळाच्या भेगेतून पाण्याचा झरा लागला. आता आमच्याकडे झऱ्याचं तोंड कोणी बुजवत नाही. ते आसरांचं ठिकाण. पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी त्या, त्यांची वाट अडवली तर घरादाराला निस्तरावं लागतं. गवंडी थापी ठेवून बाजूला झाला. वाडीतला म्हातारा गावकार आला, भेगेकडे बघून म्हणाला, "दादा, ह्ये बुजवू नका. आसरा हायत." एरवी देवाधर्माच्या बाबतीत दादा हातचं राखून असतात, पण यात त्यांना त्यांचा हिशेब दिसला. झरा म्हणजे आयतं पाणी. त्यांनी भेगेच्या तोंडाशी भिंतीत गोल भोक ठेवलं, त्यावर पितळेची जाळी बसवली, आणि अक्कांनी तिथे हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण आणि नारळ वाहून ओटी भरली. मी तेव्हा हजर होतो. खोबऱ्याचा प्रसाद माझ्याही वाट्याला आला. पावसाळ्यात त्या जाळीतून असं पाणी आलं की मोटर न लावता पूल काठोकाठ भरला. दादा येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून ती जाळी दाखवत. "पाणी यायची वाट," म्हणत.

पूल भरला आणि अक्कांची खरी अडचण सुरू झाली. काठोकाठ पाणी म्हणजे त्यांच्या गळ्यापर्यंत. पोहणं त्यांना जन्मात माहीत नाही. पहिल्या दिवशी आडोशाला जुन्या साड्या बांधून, अंगावर जुनेर नेसून, त्या कठडा धरून चार पायऱ्या उतरल्या आणि तिथेच बसल्या. मग रोज तसंच. वरच्या पायरीवर बसायचं, पाय पाण्यात सोडायचे, आणि हे बघत नसले की वर यायचं. "अहो, थोडं पाणी कमी करा ना. मला कमरेएवढं पुरे," असं त्यांनी किती वेळा सांगितलं असेल. दादा ऐकतील तर शपथ. "स्विमिंग पूल अर्धा ठेवायचा? बघणारा काय म्हणेल? पाणी खात्यातल्या माणसाचा पूल गळका आहे म्हणेल." मीही समजावून पाहिलं. मला म्हणाले, "तुम्हाला पाण्यातलं काही कळत नाही." एवढा खटाटोप बायकोच्या गुडघ्यांसाठी केला आणि बायको पायरीवर बसून आहे, हे त्यांना दिसत नव्हतं. त्यांना फक्त काठ दिसत होता.

आणि शिमगा झाल्यावर तो काठ कोरडा दिसायला लागला. पूल खरंच गळू लागला.

तिथून पुढे माझ्या आयुष्याचे जे हाल झाले ते माझं मला माहीत. सकाळी मी दात घासत असतानाच फोन वाजायचा. पलीकडून एकच वाक्य, "ताबडतोब या, उतरलंय." कोणी ऐकलं तर वाटावं की देवी उतरली. मी महाडहून स्कूटर काढायची, हायवेच्या धुळीतून पोलादपूर गाठायचं, वाडीचा चढ चढायचा, आणि तिथे जाऊन काय, तर चार बोटं कमी झालेल्या पाण्याकडे दोघांनी उभं राहून बघायचं. न जावं तर अक्कांचा फोन यायचा, "या हो भाऊजी, सकाळपासून जेवले नाहीत ते." मग जावंच लागे.

रोज मोटर लावून पूल काठोकाठ भरायचा आणि रोज नवा उपाय. आधी त्यांना उन्हाचा संशय आला. त्यांनी पाण्याने भरलेली बादली पायरीवर ठेवली. ऊन दोघांवर सारखं पडतं, तेव्हा पुलातलं पाणी बादलीपेक्षा जास्त उतरलं तर गळती, सारखं उतरलं तर ऊन. युक्ती चांगली होती. दुपारी पाहिलं तर पूल चार बोटं उतरलेला आणि बादली ठणठणीत कोरडी. दादांनी निकाल दिला, "ऊनच आहे. फार कडक आहे." पलीकडे शेजाऱ्यांची शेळी ओल्या दाढीने उभी होती. मी ती दाखवली. त्यांनी ऐकलं नाही, म्हणजे बघितलंही नाही.

मग त्यांनी रंग टाकून बघायचं ठरवलं. पाण्यात रंग सोडला की तो गळतीच्या दिशेने ओढला जातो, असं त्यांच्या खात्यात करत म्हणे. रंग म्हणून त्यांनी देवघरातला कुंकवाचा अख्खा डबा आणला. अक्का म्हणाल्या, "अहो, माझं वर्षाचं कुंकू आहे ते." तोवर ते पाण्यात गेलं होतं. सगळा पूल लालेलाल. वाडीत बातमी गेली की दादांनी हौदाला कसला तरी बळी दिला, आणि दोन म्हाताऱ्या लांबून हात जोडून गेल्या. आम्ही काठावर ओणवे होऊन बघत राहिलो. कुंकू तरंगत तरंगत कोपऱ्याकडे गेलं आणि पितळी जाळीपाशी गोळा झालं. अक्कांचे डोळे भरून आले. "आसरांनी मानून घेतलं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले. मीही जोडले. दादा एवढंच म्हणाले, "तिथे आधीचंच कुंकू आहे. जुनं कुठलं, नवं कुठलं, कळत नाही." तो कोपरा सोडून त्यांनी उरलेल्या सगळ्या भिंती पुन्हा तपासल्या. आम्ही तिघंही शहाणी माणसं त्या दिवशी तिथे होतो, हे लक्षात ठेवा.

त्यानंतर पाणाड्या आला. तळहातावर नारळ आडवा धरून तो परसात फिरला. जिथे जाईल तिथे नारळ ताठ उभा. "हितं पानी हाय दादा." चार पावलं पुढे. "हितं पन हाय." दादा चिडले. "पाणी आहे ते मला ठाऊक आहे रे. जातं कुठं ते सांग." पाणाड्या नारळ खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "त्ये माज्या विद्येत नाय बसत." मग वानरांवर संशय घेऊन झाला, गवंड्यावर घेऊन झाला, आणि एक दिवस माझ्याकडे रोखून बघत दादा म्हणाले, "तुम्ही येता त्या दिवशी जास्त उतरतं." मी स्कूटरला किक मारून घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

सगळ्यात जास्त राग मला याचा यायचा की खरा उपाय अक्कांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. "मोटर लावू नका. उतरू दे किती उतरायचं ते. जिथे थांबेल तिथेच भोक असणार." कोणत्याही बाईला गळक्या हंड्यावरून हे कळतं. मीही हेच सांगून सांगून थकलो. दादांचं उत्तर ठरलेलं. "जखम शोधायला पेशंटचं सगळं रक्त काढून घेतात काय?" आणि लावली मोटर.

त्यात आणखी एक सल त्यांना लागून राहिला होता. चैत्र लागला, निम्मा गेला, पण यंदा खालच्या वाडीतली एकही बाई हंडा घेऊन वर आली नाही. दादा नळाशी जाऊन उभे राहायचे आणि परत यायचे. "रागावल्यात," एकदा ते माझ्याजवळ पुटपुटले. "आम्हाला हंडाभर पाणी नाही आणि दादा हौद भरतोय, असं वाटत असेल त्यांना. बरोबर आहे." आवाजात नेहमीचा जोर नव्हता. अक्का ओटीवर बसून पाखाडीकडे बघत राहायच्या. सोनाबाई वर आली नव्हती आणि यांना खाली जाता येत नव्हतं.

शेवटी कशेडी घाटाकडून उतरणाऱ्या एका ट्रकने विजेचा खांब आडवा केला म्हणून हा तिढा सुटला. वाडीची वीज गेली ती तीन-चार दिवस आलीच नाही. मोटर बंद. दादांना पहिल्यांदाच पाणी उतरताना नुसतं बघत बसावं लागलं. तिसऱ्या सकाळी फोन आला तो अक्कांचा होता. "भाऊजी, थांबलंय," एवढंच म्हणाल्या.

मी गेलो तर दादा काठावर पाय सोडून बसले होते, दांडी मांडीवर आडवी. पाणी अगदी पितळी जाळीच्या खालच्या कडेला येऊन स्थिर राहिलं होतं. ती त्यांनीच ठेवलेली वाट, आम्ही सगळ्यांनी नारळ फोडून पुजलेली. पावसाळ्यात डोंगर पाण्याने भरलेला तेव्हा त्या भेगेतून पाणी आत आलं, उन्हाळ्यात डोंगर रिकामा झाला तेव्हा त्याच भेगेतून बाहेर गेलं. त्यात न समजण्यासारखं काय होतं? पण दादा जाळीकडे बघत पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, "ती यायची वाट आहे हो. यायच्या वाटेने जाईल कसं?" जन्मभर गळत्या शोधलेल्या माणसाला हे म्हणताना ऐकून मला हसावं की रडावं कळेना.

आणि तेवढ्यात साड्यांच्या आडोशामागून पाण्याचा आवाज आला. डुबुक, डुबुक, सावकाश. मी चमकलो. दादा तिकडे पाठ करून बसले होते. "चालतेय ती," ते म्हणाले. "कालपासून चालतेय. कमरेएवढं आहे ना."

मग एकदम उठले, घमेल्यात सिमेंट कालवायला घेतलं. मी म्हटलं, "अहो, आसरा." ते म्हणाले, "आसरा पाणी खात्यात नव्हत्या." अक्का आडोशामागून म्हणाल्या, "बुजवू नका हो, पाया पडते." यांचे हात चालूच. पण जन्माची सवय जाते कुठे. भोक बुजवण्याआधी पाणी गेलं कुठे ते बघायला हवं म्हणून त्यांनी दांडी उचलली, जाळीच्या मागच्या कातळावर टेकवली, कान लावला, आणि भेगेत अजून झिरपणारं पाणी ऐकत ऐकत उतार उतरू लागले. मी मागोमाग. कातळ, मग करवंदीची जाळी, मग पुन्हा कातळ. मला शर्टाला काटे लागत होते, वर ऊन, आणि पुढे हा माणूस पावलापावलाला डोळे मिटून उभा. असे आम्ही थेट खालच्या वाडीच्या विहिरीवर जाऊन पोचलो.

विहिरीवर सोनाबाई पाणी शेंदत होती. दोर फार खाली सोडावा लागत नव्हता. आम्हाला बघून तिने कळशी खाली ठेवली. "या दादा. यंदा हीर आटलीच नाय बगा. आसरांची किरपा." मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "अक्का कशी हाय... म्हंजे कशी हायत? दरसाल पान्याच्या निमतानं वर येनं व्हायचं. यंदा निमितच नाय. मोकल्या हातानं कसं यायचं, तुमी कामात असनार."

दादा विहिरीत डोकावून बघत राहिले. मी वाट पाहत होतो. हा माणूस कोणाच्या घरातला नळ दुरुस्त केला तर वर्षभर त्याची आठवण करून देणारा. आता तो सांगणार, हे पाणी माझं, माझ्या बोअरचं, माझ्या मोटरचं. त्यांनी विहिरीच्या कठड्याला दांडी लावली, ऐकलं, आणि म्हणाले, "कठडा जपा. एक दगड सैल झालाय." आणि वळून चढ चढायला लागले. सोनाबाई माझ्याकडे बघायला लागली. मीही चढायला लागलो.

वर आलो तोवर घमेल्यातलं सिमेंट घट्ट झालं होतं. दादांनी ते घमेलं उचलून परसदाराशी पालथं केलं. सिमेंट निघालं नाही. ते अजून तिथेच पडलेलं आहे आणि आता पाय ठेवायच्या कामाला येतं.

वीज आली, तशी दुसऱ्या दिवसापासून मोटर सुरू झाली. सकाळी दादा पूल काठोकाठ भरतात, आणि डोंगर आता पुरता रिकामा झाल्यामुळे दिवसभरातच तो उतरत उतरत संध्याकाळी कमरेवर येतो. मग अक्का आडोसा ओढून चालतात. मला हे कळलं तेव्हा मी सरळ विचारलं, "एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? बोअरवरून खालच्या वाडीला एक पाइप टाका." आणि नवल म्हणजे त्यांनी ऐकलं. दांडी पुसत पुसत म्हणाले, "पाइप टाकला की पाणी माझं झालं. मग बायांनी मला विचारायचं, माझं ऐकून घ्यायचं. विहिरीतलं पाणी विहिरीचं असतं." ज्यांनी वर्षानुवर्षं त्या बायांना नळाशी उभं करून ऐकवलं, ते हे बोलत होते.

वाडीत कोणी विचारलं, दादा, गळती सापडली का, तर ते डोळे मिचकावत नाहीत की हसत नाहीत. तोंड पाडून सांगतात, "शोध चालू आहे. भरल्याशिवाय कळणार कसं?" लोक त्यांची कीव करतात. पाणी खात्यातला एवढा नावाजलेला माणूस, स्वतःच्या घरची गळती सापडेना. पाणाड्या तर उघड हसतो. एरवी भिंतीतल्या ओलीसाठी लग्न थांबवणारा हा माणूस हे सगळं ऐकून घेतो.

मला आता सकाळी फोन येत नाही. दात घासून होतात, चहा होतो, फोन गप्प असतो. मी दोनदा तो बिघडलाय का ते बघून घेतलं. बायको म्हणाली, "जाऊन या की. कोणी अडवलंय?" तेव्हा मे संपता संपता मी आपण होऊन पोलादपूरला गेलो. घराला कडी. परसात मोटर चालू, पूल काठाला टेकलेला. दादा मोटर चालू ठेवून घर सोडून गेले, हे मी कोणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं. आडोशाच्या साड्या वाळत होत्या. मी पाखाडीने खाली उतरलो.

विहिरीच्या कठड्याला लागून असलेल्या दगडावर अक्का बसल्या होत्या, शेजारी सोनाबाई. दोघींमध्ये करवंदांचा द्रोण. एवढी पाखाडी अक्का कशा उतरल्या, विचारलं तर सोनाबाईच म्हणाली, "दोनदा बसली वाटेत. दादांनी खांदा दिला. चढताना काय व्हतंय बगू." दादा पलीकडे उभे होते, दांडी कठड्याला, कान वाटीला, डोळे मिटलेले. तो सैल दगड त्यांनी चुना भरून पक्का केलेला दिसत होता. मी जवळ जाऊन विचारलं, "आता काय ऐकताय?"

त्यांनी डोळे उघडले. आणि मग जे केलं त्यावर माझी बायको अजून विश्वास ठेवत नाही. त्यांनी दांडी माझ्या हातात दिली. मी भीतभीतच ती कठड्याला टेकवली, वाटीला कान लावला. थंड लोखंड, बाकी काही नाही. कुठे पाणी नाही, कुठे झरा नाही. मला पाण्यातलं काही कळत नाही हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पलीकडे सोनाबाई काही तरी सांगत होती आणि अक्का हसत होत्या, नेहमीसारख्या हळू नाही, चांगल्या मोठ्याने, तेवढं मला दुसऱ्या कानाने ऐकू येत होतं.

"आलं ऐकू?" दादांनी विचारलं. ते अक्कांकडे बघत होते.

"आलं," मी म्हटलं, आणि दांडी त्यांना परत दिली.